विश्लेषण : मिशनच्या शाळेने जोतीराव फुल्यांना काय दिले? आणि त्यांनी काय घेतले नाही?

पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत जोतीराव फुले १८४१ मध्ये दाखल झाले, तेव्हा ते १४ वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. त्याआधीची मराठी शाळा सुटून काही वर्षे लोटली होती आणि हातात पुस्तकाऐवजी खुरपे आले होते. आजच्या सरकारी भाषेत त्यांची नोंद शाळाबाह्य मूल अशी झाली असती. महात्मा फुले म्हटले की भिडेवाडा आठवतो, सत्यशोधक समाज आठवतो. त्यामागची ही सहा वर्षे मात्र चरित्रात दोन-चार ओळींत उरकली जातात. पुढे त्यांनी जे केले, त्यातले बरेचसे या शाळेतून निघते आणि काही बाबतींत या शाळेच्या विरोधातही जाते.

पहिली शाळा का सुटली?

जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याचा व्यवसाय असल्याने फुले हे आडनाव पडले. वडील गोविंदराव यांची शेती होती, फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा होता. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. म्हणजे शाळा सुटण्याचे कारण गरिबी नव्हते. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या. त्यांना वाढवले सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी. सगुणाबाई बालविधवा होत्या आणि एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करत. इंग्रज कुटुंबातली मुले कशी वाढतात, रोज वाचायला कशी बसतात, हे त्या जवळून पाहत होत्या. मिशनशी या घराचा पहिला संबंध आला तो असा, स्वयंपाकघराच्या वाटेने.

सातव्या वर्षी जोतीराव मराठी शाळेत जाऊ लागले. मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, मोडी वाचन आणि हिशेब एवढाच त्या काळच्या शाळेचा पसारा. माळ्याच्या मुलाला धंद्यापुरते तेवढे पुरे, असे बहुतेकांना वाटे. तेवढेही सगळ्यांना पटत होते असे नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली होती, पण कोणी शिकावे आणि कोणी शिकू नये याबद्दलच्या समजुती संपल्या नव्हत्या. गोविंदरावांच्या दुकानातल्या एका ब्राह्मण कारकुनाने त्यांना समजावले की मुलगा फार शिकला तर शेतीला निरुपयोगी होईल, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले.

या सल्ल्याचा परिणाम किती खोल होता, हे लक्षात घ्यायला हवे. सक्ती नव्हती, मारहाण नव्हती. वडिलांना आपण मुलाचे भलेच करतो आहोत असे वाटत होते. शाळा सुटण्याचा हा प्रकार फार ओळखीचा आहे, आणि बहुतेक वेळा तो कायमचा असतो.

परत कोणी आणले?

शेजाऱ्यांनी. गफार बेग मुन्शी हे फारसी आणि उर्दूचे शिक्षक फुल्यांच्या शेजारी राहत. दिवसभर मळ्यात राबून हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात वाचतो, हे त्यांच्या नजरेत आले. लिजिट साहेब नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थही ओळखीचे होते. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. एका माळी घरातल्या हिंदू मुलाच्या शिक्षणासाठी एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी त्याच्या वडिलांशी वाद घालतात, हे १८४१ च्या पुण्यातले दृश्य आजही थोडे थबकून पाहावे असे आहे.

गोविंदरावांचेही कौतुक व्हायला हवे. एकदा घेतलेला निर्णय फिरवणे सोपे नव्हते. शिवाय ते मुलाला पाठवणार होते ती शाळा साधी नव्हती, पाद्र्यांची होती. त्या वर्षांत पाद्र्यांच्या शाळेचे नाव काढले तरी अनेक घरांत चूल पेटत नसे.

पालकांना भीती कशाची होती?

मुलगा बाटण्याची. आणि ती भीती हवेतली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रकरण न्यायालयात गेले, मुंबई ढवळून निघाली आणि पारशी पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. जोतीराव शाळेत असतानाच, १८४३ मध्ये, मुंबईतच नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता. त्याला मिशनऱ्यांकडून परत आणून पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मोठा गदारोळ झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतची बाजू घेतली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा शुद्ध कसा होणार, हा त्या काळी खरोखरीचा, घराघरांत चर्चिला जाणारा प्रश्न होता.

मुलाला इंग्रजी यावी, सरकारी नोकरी मिळावी, पण त्याने बायबल मनावर घेऊ नये, अशी पालकांची कसरत चाले. इंग्रजी हवी, धर्म नको. मिशनऱ्यांचे गणित याच्या बरोबर उलटे होते. इंग्रजीच्या ओढीने मुले येतील, मग धर्म कानावर पडेल. दोन्ही बाजू एकमेकांचा वापर करत होत्या आणि दोघांनाही ते ठाऊक होते. मधल्यामध्ये शिकत होती ती मुले.

शाळा नेमकी कशी होती?

स्कॉटिश मिशनचे लोक १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला आले आणि पुढे पुण्यापर्यंत पोहोचले. पुण्यातल्या कामाची सूत्रे रेव्हरंड जेम्स मिचेल यांच्याकडे होती. शाळेत इंग्रजी, गणित, भूगोल, इतिहास हे विषय असत आणि बायबलचा पाठ चुकत नसे. पंतोजींच्या शाळेतून आलेल्या मुलासाठी भूगोल आणि इतिहास हे विषयच नवे होते. पृथ्वीच्या नकाशात पुणे हा एक ठिपका आहे, इतर देशांतही राजे आले आणि गेले, काही ठिकाणी लोकांनी राजाविना राज्य चालवले, हे तिथे कळत असे.

आजच्या हिशेबात ही शाळा कुठल्या पातळीची म्हणावी? माध्यमिक शाळेच्या जवळपासची. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. त्यामुळे जोतीराव शिकत होते तेव्हा मॅट्रिक नावाची परीक्षाच नव्हती. १८४७ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले म्हणतात ते एवढ्याच अर्थाने. हातात पदवी नव्हती की बोर्डाचा दाखला नव्हता. सहा वर्षांचे शिक्षण आणि वाचता-लिहिता येईल असे इंग्रजी, एवढीच शिदोरी. या इंग्रजीचा व्यवहारातही उपयोग झाला. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला, १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून काम केले. समाजसुधारक पोटापाण्याला काय करतात, हा प्रश्न चरित्रांत सहसा विचारला जात नाही. जोतीरावांच्या बाबतीत त्याचे उत्तर या शाळेपर्यंत पोहोचते.

शिकत असतानाच १८४३ मध्ये दूर स्कॉटलंडमध्ये चर्च फुटले. सरकार आणि जमीनदारांचा चर्चमधला हस्तक्षेप नको म्हणून मोठा गट बाहेर पडला आणि त्याने फ्री चर्च स्थापन केले. भारतातले स्कॉटिश मिशनरी या नव्या चर्चबरोबर गेले. मुंबईत विल्सन यांना त्यासाठी नव्या इमारतीवर पाणी सोडावे लागले. धर्माच्या बाबतीत आपल्याच चर्चशी भांडून बाहेर पडणारे पाद्री पुण्याच्या मुलांसमोर होते. याचा जोतीरावांवर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण हे वातावरण त्यांच्या शाळेचेच होते.

एका वर्गात कोण कोण?

मिशनच्या शाळेतली सर्वात मोठी गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती. ती वर्गात कोण कोणाशेजारी बसते यात होती. इथे जोतीरावांची सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याशी मैत्री झाली. मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हेही त्यांचे मित्र. तिघेही ब्राह्मण. शाळेबाहेरच्या पुण्यात या मुलांनी एकत्र बसून शिकणे, एकमेकांच्या घरी जाणे, एका पुस्तकावर वाद घालणे सहजी घडले नसते.

ही मैत्री शाळेपुरती राहिली नाही, आणि म्हणून ती महत्त्वाची आहे. पुढे जोतीरावांनी मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्या कारभारात हे मित्र बरोबर होते. ब्राह्मणी वर्चस्वावर महाराष्ट्रात सर्वात कडक लिहिणाऱ्या माणसाचे पहिले सहकारी ब्राह्मण होते, यात अनेकांना विसंगती वाटते. जोतीरावांना ती वाटली नसावी. त्यांचा राग व्यवस्थेवर होता, आणि ती व्यवस्था बाजूला ठेवली तर माणसे कशी वागतात हे त्यांनी वर्गात पाहिलेले होते.

याच वयात त्यांनी लहुजीबुवांच्या हाताखाली दांडपट्टा आणि नेमबाजी शिकून घेतली. लहुजी मांग समाजातले नामांकित वस्ताद. इंग्रजांना हाकलून देण्याचे वेड त्या काळी आपल्याही डोक्यात होते, हे जोतीरावांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे सकाळी पाद्र्यांच्या शाळेत इंग्रजी आणि दुसरीकडे इंग्रजांविरुद्ध लढण्याची तालीम. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात अशा दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

बायबलच्या वर्गातून टॉमस पेनकडे

शिक्षण संपता संपता, १८४७ च्या सुमारास, जोतीराव आणि त्यांच्या मित्रांच्या हाती टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक पडले. माणसाचे हक्क जन्माने येतात, ते राजाने किंवा पुरोहिताने दिलेले नसतात, असा त्यातला विचार. शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रेही त्यांनी याच काळात वाचली.

गंमत अशी की मिशनऱ्यांना पेन मुळीच रुचणारा नव्हता. याच लेखकाने दुसऱ्या एका पुस्तकात बायबलवर कोरडे ओढले होते आणि चर्चच्या वर्तुळात तो नास्तिक म्हणून बदनाम होता. पण पाद्र्यांनी मुलांना इंग्रजी शिकवले आणि इंग्रजी आल्यावर मुले काय वाचतील हे पाद्र्यांच्या हातात राहिले नाही. शाळेतला बायबलचा पाठ सांगत होता की सगळी माणसे एका देवाची लेकरे आहेत. पेन सांगत होता की यासाठी कुठल्याही धर्मग्रंथाची गरज नाही. जोतीरावांनी पहिल्याकडून समतेची कल्पना घेतली आणि दुसऱ्याकडून ती मांडण्याचे धैर्य.

शाळेबाहेरचा धडा

शाळा सोडल्यानंतर वर्षभरातच, १८४८ मध्ये, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाला जोतीराव गेले. वरातीत ते इतरांबरोबर चालत होते. शूद्राने ब्राह्मणांच्या बरोबरीने चालावे हे वरातीतल्या काहींना खपले नाही. त्यांना अपमान करून बाजूला काढण्यात आले. घरी येऊन त्यांनी वडिलांना सांगितले, तेव्हा गोविंदरावांना धक्का बसला नाही. पेशवाईत असे वागणाऱ्याला याहून कडक शिक्षा झाली असती, हे त्यांना माहीत होते.

हा प्रसंग सर्व चरित्रांत येतो आणि तोच जोतीरावांच्या कार्याचा आरंभ मानला जातो. पण असे अपमान त्या काळी हजारोंचे होत होते आणि बहुतेक जण ते गिळून पुढे जात. जोतीरावांना तो गिळता आला नाही, कारण सहा वर्षे ते अशा वर्गात बसले होते जिथे त्यांना कोणी बाजूला काढले नव्हते. वर्ग आणि वरात यांतले अंतर त्यांना स्पष्ट दिसत होते.

नगरला काय पाहिले?

गोवंडे नोकरीनिमित्त अहमदनगरला होते. त्याच सुमारास जोतीराव तिथे गेले आणि अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. या भेटीबद्दल त्यांनी पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात सांगितले आहे. मुलाला जे पहिले वळण लागते ते आईमुळे, म्हणून आधी मुलींच्या शाळा हव्यात, असा त्यांचा विचार होता. त्यांना स्वतःला आई आठवत नव्हती आणि अक्षरांची ओढ ज्या घरात लागली ते घर सगुणाबाईंनी सांभाळले होते, हे ध्यानात घेतले की हा विचार कोरडा सिद्धांत राहत नाही.

पुण्याला परतल्यावर १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून तयार करण्यातही मिशनच्या संस्थांचा हात होता. नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. शाळेपायी १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना गोविंदरावांचे घर सोडावे लागले. मुलाला शाळेत परत पाठवण्याचे धैर्य दाखवणाऱ्या वडिलांना सुनेने शाळेत शिकवणे मात्र समाजाच्या दडपणापुढे पेलले नाही.

पुढे शाळा वाढल्या आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. तिथेच १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती आणि तिचे दरवाजे सुरुवातीला फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना उघडे होते.

मग ते ख्रिस्ती का झाले नाहीत?

हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जात होता. विरोधक त्यांना पाद्र्यांचा हस्तक म्हणत. वरवर पाहता तसे वाटावे अशा खुणाही होत्या. मिशनच्या मुलींच्या वसतिगृह-शाळेत त्यांनी काही वर्षे शिकवले. १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात जोशीबुवाच्या नादी लागून कर्जात बुडालेल्या कुणबी जोडप्याला एक पाद्री शहाणपण शिकवतो. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मिशनऱ्यांबद्दल कृतज्ञता आहे. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुण्यात काहूर उठले, तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

त्यांच्याच काळात मिशनच्या शाळांत शिकलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि ‘यमुनापर्यटन’ लिहून गेले. म्हणजे तो मार्ग खुला होता आणि ओळखीचाही होता. जोतीराव त्या मार्गाने गेले नाहीत. ‘तृतीय रत्ना’तले जोडपेही शेवटी बाप्तिस्मा घेत नाही, रात्रीच्या शाळेत जायला निघते. बारकाईने पाहिले तर या तपशिलात त्यांचे उत्तर सापडते. नाटकातली ती शाळा कल्पनेतली नव्हती, त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवत होते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, हे ओघाने आलेच.

देव मानायचा, पण मध्यस्थ नको, ही त्यांची भूमिका हळूहळू घट्ट होत गेली. त्यांनी देवाला निर्मिक हे नाव दिले. कुठलाही एक ग्रंथ संपूर्ण देवाचा, हे त्यांना मान्य नव्हते. भटजीला मध्यस्थ म्हणून नाकारायचे आणि पाद्र्याला त्या जागी बसवायचे, हे त्यांच्या तर्कात बसणारे नव्हते. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये उभा राहिला तो याच पायावर. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरातली माणसे वेगवेगळे धर्म पाळत सुखाने राहत असल्याची कल्पना आहे. मुन्शी, लिजिट आणि गोविंदराव ज्या गल्लीत बोलत बसले होते, तिथून ही कल्पना फार लांबची नाही.

हंटर आयोगापुढे कोण बोलत होते?

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला. जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यावर त्यांची मागणी होती की प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे.

बारा वर्षांचा आकडा त्यांनी कुठून घेतला हे निवेदनात नाही. पण साधारण त्या वयाच्या आधीच त्यांची स्वतःची शाळा सुटली होती. सक्ती असती तर कारकुनाच्या सल्ल्याला अर्थ उरला नसता. निवेदनातले इतर तपशीलही त्याच अनुभवातून आल्यासारखे वाटतात. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल आणि व्याकरण, त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे, असा अभ्यासक्रम त्यांनी सुचवला. पंतोजींची शाळा, मिशनची शाळा आणि वडिलांचा मळा, तिन्ही त्यात आहेत. खालच्या जातींतली मुले शाळेत टिकावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचवले. आणि शिक्षक कसा हवा? शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, गावच्या लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराला हात घालायला न लाजणारा. शिकलेला मुलगा शेताला निरुपयोगी होतो, या जुन्या सल्ल्याला चाळीसहून अधिक वर्षांनी दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

आयोगाने सक्तीची मागणी उचलली नाही. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. त्यांच्या अखेरच्या आजारपणात मदत करणाऱ्यांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच केले.